निपाणी परिसरातील बिडी-तंबाखू कामगार स्त्रियांचे वार्धक्य : निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि नोंदीचा प्रश्न

प्रास्ताविक

वार्धक्यातील आर्थिक सुरक्षिततेचा विचार सामान्यतः तीन चौकटींत केला जातो. सरकारी नोकराला मिळणारे निवृत्तिवेतन ही पहिली चौकट, जमीन-जुमला व ठेवी ही दुसरी, आणि मुलांनी आई-वडिलांचा करावयाचा सांभाळ ही तिसरी. या तीनही चौकटींत पूर्णपणे न बसणारा मोठा कष्टकरी वर्ग भारतात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर होती. त्यांतील बहुसंख्य व्यक्तींनी आयुष्यभर असंघटित क्षेत्रात काम केलेले होते. बेळगाव जिल्ह्यातील (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) निपाणी व परिसरातील बिडी आणि तंबाखू कामगार स्त्रिया याच वर्गात मोडतात. त्यांत दलित व मुस्लिम स्त्रियांचा भरणा मोठा आहे.

निपाणीचा इतिहास बहुधा दोन संदर्भांत लिहिला गेला आहे. एक सीमाप्रश्नाचा व दुसरा १९८१ च्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या आंदोलनाचा. तंबाखूच्या वखारीत व घरोघरी बिड्या वळण्यात ज्यांची हयात गेली, त्या स्त्रियांच्या म्हातारपणाचे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. या स्त्रियांच्या वार्धक्याचा प्रश्न मुख्यतः 'नोंदी'चा प्रश्न होता व आहे, असे या आढाव्यातून दिसून येते. मालकाच्या वहीत जिचे नाव लागले तिला म्हातारपणी काही हक्क मिळाला. जिचे नाव लागले नाही तिचे श्रम तेवढेच असूनही तिला अनुदानावर किंवा नातलगांच्या मर्जीवर राहावे लागले.

परंपरागत आधार व त्यांच्या मर्यादा

पूर्वीच्या ग्रामव्यवस्थेत म्हातारपणाची तरतूद वेगळी अशी नव्हती. ती वतनात सामावलेली होती. गावचा मुलाणी, काझी, दर्ग्याचा मुजावर किंवा महार वतनदार यांना बलुते, इनाम जमीन अथवा हक्क मिळत. वतन वंशपरंपरेने चालत असल्यामुळे थकलेल्या बापाच्या जागी मुलगा काम करी आणि उत्पन्न घरातच राही. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या कुटुंबास 'बालपरवेशी' देण्याची पद्धत मराठा राज्यात होती. परंतु हे सर्व आधार पुरुषाच्या नावे व घराण्याच्या नावे होते. स्त्रीला ते कोणाची तरी पत्नी, आई किंवा विधवा म्हणूनच मिळत. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यानंतर तेथील १९६१ च्या कायद्याने गावकीची वंशपरंपरागत पदे रद्द झाली. काळाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र वतनासोबत जो जुजबी आधार होता तोही गेला आणि त्याची जागा घेणारी दुसरी व्यवस्था गोरगरिबांसाठी लगेच उभी राहिली नाही.

मुस्लिम स्त्रीच्या बाबतीत शरीयतने मेहेर व वारसा हे दोन स्वतंत्र आर्थिक हक्क दिलेले आहेत. तत्त्वतः हे दोन्ही हक्क तिच्या उतारवयाचे आधार ठरू शकतात. व्यवहारात मात्र गरीब कुटुंबांत मेहेरची रक्कम बहुधा नाममात्र राहिली व तीही अनेकदा लग्नानंतर वसूल झाली नाही. वारशाच्या बाबतीत १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळण्यात आली होती. त्यामुळे ग्रामीण भागातील सर्वात महत्त्वाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा रूढीवर अवलंबून राहिला. कुटुंबासाठी केलेल्या वक्फला प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये अमान्य ठरविले होते. १९१३ च्या वक्फ वैधता कायद्याने तो पुन्हा मान्य झाला. परंतु वक्फ करण्यासाठी मुळात मालमत्ता हवी. बिडी वळणाऱ्या स्त्रीकडे तेंदूपाने कापायची कात्री व मांडीवरचे सूप याखेरीज वक्फ करण्याजोगे काही नव्हते.

वृद्ध व निराधार व्यक्तींची जबाबदारी समाजाने सामूहिकरीत्या घेण्याची कल्पना इस्लामी परंपरेत जुनी आहे. आठव्या शतकातील कायदेपंडित अबू यूसुफ यांच्या 'किताब-उल-खराज' या ग्रंथात खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्यासंबंधी एक वृत्तांत आहे. एक वृद्ध, दृष्टिहीन ज्यू दारोदार मागत असलेला पाहून त्यांनी त्याचा जिझिया माफ केला व बैतुलमालमधून त्याची सोय लावण्यास सांगितले. तरुणपणी ज्याच्याकडून घेतले त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे, असा त्यामागील विचार होता. आधुनिक सामाजिक विम्याचे मूळ तत्त्व याहून फार निराळे नाही. प्रश्न आहे तो 'तरुणपणी घेतले' हे सिद्ध करण्याचा. निपाणीच्या कामगार स्त्रियांचा पुढील इतिहास याच मुद्द्याभोवती फिरतो.

तंबाखूचे शहर

पुणे-बेंगळुरू महामार्गावरील निपाणी ही बिडीच्या तंबाखूची प्रसिद्ध पेठ. आसपासच्या चिकोडी, हुक्केरी, कागल, गडहिंग्लज या भागांतील तंबाखू येथे येई. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने तंबाखूवर उत्पादन शुल्क बसविले. त्यानंतर शेतकऱ्याच्या दारातील व व्यापाऱ्याच्या वखारीतील प्रत्येक बोद सरकारी नोंदीत येऊ लागला. कच्च्या तंबाखूवरील हे शुल्क १९७९ मध्ये रद्द झाले. म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे तंबाखूची नोंद काटेकोरपणे ठेवली गेली. मात्र त्याच वखारीत तो तंबाखू कुटणाऱ्या व चाळणाऱ्या बाईची नोंद ठेवण्याची निकड कोणाला वाटली नाही.

वखारीतील काम हंगामी व अतिशय त्रासाचे. तंबाखूच्या धुरळ्यात तोंडाला फडके बांधून दिवसभर उभे राहावे लागे. खोकला व दमा हे नेहमीचे सोबती. दुसरा मोठा उद्योग बिडीचा. बिडीच्या धंद्यात कारखान्यात बसून बिड्या वळणारे कामगार आणि 'घरखात्या'वर बिड्या वळणाऱ्या स्त्रिया असे दोन प्रकार होते. घरखात्यात मालक किंवा मध्यस्थ ठेकेदार तेंदूपान, तंबाखू व दोरा मोजून देई आणि वळलेल्या बिड्या हजाराच्या हिशेबाने घेई. बिड्या देताना तपासणी होई. न पटलेल्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जात व त्यांची मजुरी मिळत नसे. पाने कमी पडली तर ती बाजारातून विकत आणून भर घालावी लागे.

मुस्लिम कुटुंबांतील अनेक स्त्रियांना घरखाते सोयीचे होते. घराबाहेर न पडता, पडदा सांभाळून, चूल व मुले पाहत काम करता येई. परंतु याच सोयीमुळे त्या सर्वात अदृश्य राहिल्या. कारखान्यात हजेरी असे, घरात हजेरी कोण घेणार? शिवाय एका कार्डावर घरातील सासू, सून व मुली अशा तिघी-चौघी बिड्या वळत. वहीत नाव एकीचेच. बाकीच्यांच्या श्रमाचा हिशेब त्या एका नावात बुडून जाई.

बिडी कामगारांच्या अवस्थेकडे सरकारचे लक्ष पूर्वीच वेधले गेले होते. १९२९ ते १९३१ या काळातील व्हिटले आयोगाने बिडी धंद्यातील बालमजुरीची नोंद घेतली. १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीनेही या धंद्याची पाहणी केली. तथापि अहवाल व अंमलबजावणी यांत अनेक वर्षांचे अंतर पडले.

'कामगार कोण?' : न्यायालयातील वाद

निर्वाह निधी असो वा निवृत्तिवेतन, ते 'कामगारा'ला मिळते. त्यामुळे बिडी वळणारी व्यक्ती कायद्याने कामगार आहे की नाही, हा वाद प्रत्यक्षात तिच्या म्हातारपणाचाच वाद होता. मालकांचे म्हणणे असे की, आपण माल देतो व तयार बिड्या घेतो; कोणी, केव्हा, किती वेळ काम केले याच्याशी आपला संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये चिंतामणराव खटल्यात सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदार मानले. हा निर्णय मालकांना अनुकूल होता. १९६१ मध्ये नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात मात्र कारखान्यात बसून बिड्या वळणारे लोक कामगार ठरले. ते कामाच्या वेळा स्वतः ठरवीत असले, तरी निकृष्ट बिड्या नाकारण्याचा अधिकार मालकाकडे होता. हे त्याच्या देखरेखीचे लक्षण आहे, असे न्यायालयाने मानले. १९६४ मध्ये मद्रासकडील दिवाण मोहिदीन साहेब खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. मध्यस्थ हा नावापुरता असेल तर बिडी वळणाऱ्यांचा खरा मालक कारखानदारच होय, असा निर्णय दिला.

या पार्श्वभूमीवर १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) कायदा संमत झाला. घरी काम करणाऱ्या व्यक्तींचा समावेश त्याने 'कामगार' या संज्ञेत केला. अनेक मालकांनी कारखाने बंद करून किंवा काम अन्यत्र हलवून या कायद्याला उत्तर दिले. केरळमध्ये कायद्याची अंमलबजावणी होताच मोठे कारखाने बंद पडले. त्यातून बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये कण्णूर येथे दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभारली आणि आपल्या सभासदांना निर्वाह निधीसारखे लाभ दिले. मंगळूरच्या एका मोठ्या बिडी कंपनीने व इतर मालकांनी १९६६ च्या कायद्यास आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला.

भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा कायदा बिडी उद्योगाला लागू झाला तो १९७७ मध्ये. मालकांनी पुन्हा न्यायालयात धाव घेतली. घरखात्यावरील स्त्रिया आमच्या आस्थापनेत काम करीत नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. सप्टेंबर १९८५ मध्ये पी. एम. पटेल आणि सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. घरी बसून केलेले काम आस्थापनेच्या कामाशी निगडितच आहे आणि बिड्या नाकारण्याचा मालकाचा अधिकार हा त्याच्या नियंत्रणाचा पुरावा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पिढ्यान्‌पिढ्या जी 'छाट' कामगार स्त्रीच्या मजुरीवर घाला घालीत आली, तीच न्यायालयात ती कामगार असल्याचा पुरावा ठरली!

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. याच वर्षी, एप्रिल १९८५ मध्ये, याच न्यायालयाने शाहबानो प्रकरणाचा निर्णय दिला. शाहबानो या इंदूरच्या वृद्ध घटस्फोटित महिला. लग्नानंतर चार दशकांहून अधिक काळाने त्यांना घराबाहेर पडावे लागले होते. त्या निर्णयावर देशभर वादळ उठले, १९८६ चा कायदा आला आणि २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात त्या कायद्याचा अर्थ पुन्हा लावला गेला. १९८६ च्या कायद्याने स्वतःचा निर्वाह न करू शकणाऱ्या घटस्फोटितेची जबाबदारी इद्दतीनंतर तिच्या वारस नातलगांवर व शेवटी वक्फ मंडळावर टाकली. मुस्लिम स्त्रीच्या म्हातारपणाची एवढी चर्चा त्यापूर्वी कधी झाली नव्हती. परंतु त्या चर्चेत ती केवळ कोणाची तरी पत्नी होती. काही महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या निर्णयाने देशभरातील असंख्य बिडी कामगार स्त्रियांना, त्यांतील मुस्लिम स्त्रियांनाही, स्वतःच्या श्रमाच्या बळावर म्हातारपणीचा हक्क दिला. त्याची दखल ना वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी घेतली, ना समाजाच्या पुढाऱ्यांनी.

निपाणीतील संघटन

कायदा झाला तरी तो गावात आपोआप पोहोचत नाही. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या माध्यमातून निपाणीतील तंबाखू व बिडी कामगार स्त्रिया संघटित झाल्या. मजुरीवाढ, कामाचे तास, वखारीतील वागणूक या मागण्यांबरोबरच कामगार म्हणून मान्यता मिळविणे हा या लढ्याचा गाभा होता. 'युगांतर' या चित्रपट-गटाने दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली १९८२ मध्ये या स्त्रियांवर माहितीपट तयार केला. त्यामुळे निपाणीचे नाव स्त्री-चळवळीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले.

याच काळात, मार्च-एप्रिल १९८१ मध्ये, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने निपाणीला तंबाखूच्या भावासाठी महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. शेतकऱ्याला भाव हवा होता व कामगार बाईला मजुरी. दोघांचाही माल एकाच व्यापाऱ्याच्या वखारीत जात होता. एक फरक मात्र लक्षात घ्यावा लागतो. शेतकऱ्याच्या म्हातारपणी निदान सात-बारावर, म्हणजे कर्नाटकात पहाणीपत्रकावर, त्याचे नाव होते. वखारीतील बाईजवळ हजेरीच्या कार्डाखेरीज दाखविण्यासारखे काही नव्हते. म्हणूनच तिच्या लढ्यात हजेरी-कार्डाला महत्त्व आले.

निर्वाह निधी ते निवृत्तिवेतन

निर्वाह निधी लागू झाल्यावर कामगाराच्या मजुरीतून ठरावीक वर्गणी कापली जाऊ लागली व तेवढीच रक्कम मालकाने भरावयाची, अशी व्यवस्था आली. सर्वसाधारण दर पुढे बारा टक्के झाला, तरी बिडी उद्योगासाठी तो दहा टक्केच राहिला. या निधीवर मिळणाऱ्या वाढीव रकमेविषयी काही मुस्लिम कामगारांच्या मनात व्याजाच्या दृष्टीने शंका होती. सक्तीने कापल्या जाणाऱ्या निधीवरील अशी रक्कम ही रिबा नसून मालकाकडून मिळणाऱ्या मोबदल्याचाच भाग होय, असा निर्वाळा देवबंदी परंपरेतील अनेक मुफ्तींनी दिलेला आहे.

१९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचे दोन कायदे झाले. बिडीवरील उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरबांधणीस साहाय्य असे उपक्रम चालले. मुलांच्या शिक्षणाला यातून मोलाची मदत झाली. तथापि दरमहा निवृत्तिवेतन देण्याची व्यवस्था त्यात नव्हती. वस्तू व सेवा कर लागू होताना, २०१७ मध्ये, हा उपकरही रद्द झाला आणि कल्याणाचा खर्च अर्थसंकल्पावर अवलंबून राहिला.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. मालकाच्या वर्गणीतील काही हिस्सा या योजनेत जाऊ लागला. किमान दहा वर्षे सेवा व वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर दरमहा वेतन मिळावे अशी ही योजना. तिचे सूत्र सोपे आहे : सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. उदाहरणादाखल, एखाद्या स्त्रीची नोंदलेली मासिक मजुरी १,५०० रुपये व सेवा पंधरा वर्षे धरली, तर तिला सूत्राप्रमाणे दरमहा सुमारे ३२१ रुपये मिळतात. प्रत्यक्षात तिने पस्तीस वर्षे बिड्या वळल्या असतील; पण हिशेबात वर्षे येतात ती नोंदलेली, आणि मजुरीही नोंदलेलीच. एका कार्डावर तिघींनी वळलेल्या बिड्यांची मजुरी एकीच्या नावे लागते व उरलेल्या दोघींची सेवा शून्य राहते. सप्टेंबर २०१४ पासून या योजनेत किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये करण्यात आले. हा दिलासा खराच. परंतु तोही दहा वर्षांची नोंद असलेल्यांनाच मिळाला.

आणखी एक अडचण अशी की, काम सुटताच निधीची सर्व रक्कम काढून घेण्याकडे कामगारांचा कल होता. मुलीचे लग्न, आजारपण, घराचे पत्रे यांसाठी ती खर्च होई. दहा वर्षांच्या आत निवृत्तिवेतनाचा हिस्साही काढून घेतला की पुढचा हक्क संपे. गरज आजची व निवृत्तिवेतन वीस वर्षांनंतरचे, अशा स्थितीत त्या स्त्रियांना दोष देता येणार नाही. मात्र त्यांना या परिणामाची माहिती वेळीच देणारे कोणी असते, तर अनेकींचे म्हातारपण वेगळे झाले असते.

नाव, वय आणि गाव

सीमाभागात नोंदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. निपाणीच्या मुस्लिम घरात बोलणे दखनी उर्दूत व मराठीत, शाळा उर्दू किंवा मराठी, रेशनकार्ड कन्नडमध्ये आणि निर्वाह निधीचे कागद इंग्रजीत. एकच नाव चार लिप्यांतून जाताना बदलते. कोठे 'बी' जोडले जाते, कोठे 'बेगम', कोठे नवऱ्याचे नाव लागते तर कोठे बापाचे. कागल किंवा गडहिंग्लजची मुलगी लग्न होऊन निपाणीस आली की तिचे आडनाव, गाव व राज्य एकदम बदलते. माहेरी दहाव्या वर्षापासून वळलेल्या बिड्यांचा सासरच्या वहीत मागमूस नसतो. जन्माचा दाखला नसल्यामुळे वय अंदाजे लिहिलेले असते, आणि वयातील दोन-तीन वर्षांचा फरक निवृत्तिवेतनाच्या वेळी आडवा येतो.

निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून बोटांच्या ठशांवर आधारित डिजिटल दाखल्याची सोय झाली. परंतु आयुष्यभर तेंदूपाने दुमडून बोटांची टोके झिजलेल्या बिडी कामगारांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, अशा तक्रारी देशातील अनेक बिडी केंद्रांतून आलेल्या आहेत. ज्या कामाने हक्क मिळवून दिला, त्याच कामाने हक्काची खूण पुसून टाकली.

सरकारी अनुदाने

ज्यांच्याजवळ कामाची नोंद नाही त्यांच्यासाठी उरते ते सरकारी अनुदान. निराधार वृद्धांना साहाय्य देण्याची योजना भारतात प्रथम उत्तर प्रदेशाने १९५७ मध्ये सुरू केली. १९६० च्या दशकात म्हैसूरसह अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आली. त्या वेळी केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००७ मध्ये योजनेस इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. तोपर्यंत हा वाटा २०० रुपये झाला होता. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी तो पुढे वाढलेला नाही.

कर्नाटक शासनाने २००७ मध्ये पासष्ट वर्षांवरील अल्पभूधारक, शेतमजूर, विणकर व असंघटित कामगार यांच्यासाठी संध्या सुरक्षा योजना सुरू केली. आरंभी दरमहा ४०० रुपये असलेली ही रक्कम पुढे १,२०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. अन्य कोणतेही निवृत्तिवेतन मिळत असल्यास या योजनेचा लाभ नाही, अशी अट तिच्यात घालण्यात आली. परिणामी, आयुष्यभर वर्गणी भरून अल्प निवृत्तिवेतन मिळविणारी बिडी कामगार स्त्री अनुदानास अपात्र ठरते. वर्गणी न भरलेल्या तिच्या शेजारणीला मात्र तेवढेच किंवा अधिक मिळू शकते. वर्गणीदाराचा हक्क व निराधाराचे साहाय्य या दोन्हींची सांगड घालण्याचा विचार या योजनांत झालेला दिसत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटकात सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २,००० रुपये देण्याचे ठरले. येथेही प्रश्न पुन्हा नोंदीवर येतो : रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सासूचे नाव आहे की सुनेचे? केंद्राने २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना आणली. तिच्यात साठीनंतर दरमहा ३,००० रुपयांची हमी आहे. परंतु प्रवेशाचे वय अठरा ते चाळीस ठेवल्यामुळे बिडी धंद्यात म्हाताऱ्या झालेल्या पिढीला तिचा उपयोग नाही.

चीनचा अनुभव

वार्धक्याचा प्रश्न नोंदीशी जोडला जाणे ही केवळ भारताची स्थिती नाही. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये साठ वर्षांवरील लोकांची संख्या २६ कोटींच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. तेथे १९५१ च्या नियमांनी सरकारी कारखान्यांतील कामगारांना श्रमविमा मिळाला. खेड्यातील शेतकऱ्यांना तो मिळाला नाही. त्यांच्यातील निपुत्रिक वृद्धांसाठी १९५६ पासून अन्न, वस्त्र आदी 'पाच हमी' होत्या. इतरांनी मुलांवर अवलंबून राहावयाचे होते. १९५८ मध्ये कुटुंब-नोंदणीची 'हुकौ' पद्धत कडक झाल्यावर खेड्यात नोंद असलेली व्यक्ती शहरात राबली तरी शहरी हक्कांना पारखी राहिली. पुढे एक-अपत्य धोरणामुळे सांभाळणारे हातही कमी झाले.

२००९ मध्ये चीनने ग्रामीण निवृत्तिवेतन योजना सुरू केली. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना वर्गणी न भरताही किमान ५५ युआनचे मूळ वेतन देण्यात आले, मात्र पात्र मुलांनी योजनेत सहभागी व्हावे अशी अट होती. रक्कम अल्प होती. शहरी निवृत्तिवेतनाशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. परंतु कामाचा पुरावा न मागता वयाच्या आधारावर वृद्धांना सामावून घेण्याचे तत्त्व त्यात होते. जानेवारी २०२५ पासून तेथे निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढविले जात आहे. पुरुषांसाठी ते साठवरून त्रेसष्टपर्यंत, तर श्रमिक स्त्रियांसाठी पन्नासवरून पंचावन्नपर्यंत जाईल. निपाणीच्या संदर्भात या अनुभवाचा बोध एवढाच की, ज्यांची नोंद इतिहासात राहून गेली त्यांच्याकडे आज पुरावा मागत बसल्यास त्यांच्या हयातीत न्याय होणे कठीण आहे.

समारोप

वरील आढाव्यावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, निपाणी परिसरातील बिडी-तंबाखू कामगार स्त्रियांना म्हातारपणीचा जो काही हक्क मिळाला, तो दीर्घ न्यायालयीन वाद व स्थानिक संघटन यांमुळे मिळाला. दोन, घरखात्यावर काम करणाऱ्या स्त्रिया, त्यांतही एका कार्डाआड लपलेल्या सासू-सुना व मुली, या हक्कापासून मोठ्या प्रमाणावर वंचित राहिल्या. मुस्लिम स्त्रिया या वर्गात ठळकपणे येतात. तीन, मुस्लिम स्त्रीच्या वार्धक्याची चर्चा पोटगीपुरती मर्यादित राहिल्याने श्रमिक म्हणून तिला मिळालेल्या हक्कांकडे समाजाचे दुर्लक्ष झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या असून १९६६ चा बिडी कामगार कायदा व १९५२ चा निर्वाह निधी कायदा यांचा विषय आता या संहितांच्या कक्षेत आला आहे. कायद्यांची नावे बदलली तरी जुन्या वह्या, कार्डे व निधीचे क्रमांक यांचे मोल कमी झालेले नाही. उलट संक्रमणाच्या काळातच असे कागद गहाळ होतात.

या बाबतीत शैक्षणिक संस्थांना करता येण्याजोगे काम मोठे आहे. सीमाभागातील शाळा-महाविद्यालयांतून आज बिडी कामगारांच्या नाती शिकत आहेत, त्यांतील कित्येकींनी कल्याण निधीची शिष्यवृत्ती घेतली आहे. त्यांना मराठी, उर्दू, कन्नड व इंग्रजी या चारही भाषांतील कागद वाचता येतात. घरातील आजीचे कार्ड, निधीचा क्रमांक, नावातील तफावत व वयाचा पुरावा एकत्र करून अर्ज भरण्याचे काम त्या करू शकतात. जकात व बैतुलमालमधून गरजू वृद्धेला महिन्याचे धान्य देणे हे पुण्याचे कार्य आहेच. परंतु तिने स्वतः कमावलेला व कागदाअभावी अडकून पडलेला हक्क तिला मिळवून देणे, हे तिच्या प्रतिष्ठेला अधिक शोभणारे ठरेल. शिवाय या स्त्रिया हयात आहेत तोवरच त्यांच्याकडून कामाची वर्षे, मालक व ठेकेदारांची नावे आणि मजुरीचे दर विचारून लिहून घेता येतील. या पिढीनंतर ते सांगणारे कोणी उरणार नाही.